टायमिंग चेनचा खर्च रास्त ठेवल्याबाबत

जबाब
ठिकाण : बोरजाई फाटा औटपोस्ट, जि. सांगली
दिनांक ११ मार्च १९७८, शनिवार, सकाळी साडेदहा

आप्पासो बापू शेलार, वय ४४ वर्षे, धंदा नोकरी (प्राथमिक शिक्षक), राहणार पाटण, जि. सातारा.

समक्ष हजर राहून सांगतो, की माझी पत्नी सौ. विजयमाला, वय ३८, ही दि. ६ मार्च रोजी मिरजेस दवाखान्यात नेत असताना वाटेत मरण पावली. त्या चौकशीत, तसेच माझे मेहुणे लालासाहेब साळुंखे यांनी दिलेल्या तक्रारीत, मला आज बोलाविले आहे. येथील लिहिणारे हवालदार रजेवर असल्याने व माझे अक्षर बरे असल्याने जमादारांनी कागद माझ्यापुढेच सरकवला. ते म्हणाले, "गुरुजी, तुमीच लिवा. फकस्त वैनींच्या नावाच्या जागी मयत लिवायचं." त्याप्रमाणे पुढे लिहिले आहे.

लालासाहेबांची तक्रार अशी, की कराडचे मोटार मिस्त्री आदगोंडा मगदूम यांनी गाडीस नवी टायमिंग चेन घालतो म्हणून पैसे घेतले व जुनीच चेन बसवून फसविले. त्यामुळे गाडी वाटेत बंद पडली व त्यांची बहीण गेली. आदगोंडा मिस्त्री कालपासून येथील व्हरांड्यात बाकावर बसून आहेत. त्यांच्या गॅरेजला कुलूप आहे. काम ठरले त्या वेळी गॅरेजात मिस्त्री व मी असे दोघेच होतो. त्यामुळे त्यांच्यावर गुन्हा दाखल करायचा की त्यांना घरी सोडायचे, हे माझ्या जबाबावर ठरणार असे जमादारांनी मला समजावून सांगितले. काय लिहिले असता काम सोपे होईल हेही त्यांनी सांगितले. "नवी चेन घाला असे मी मिस्त्रींना स्पष्ट सांगितले होते," एवढे एकच वाक्य. वाक्य चांगले आहे. शुद्धलेखनाची चूक होण्यास त्यात जागाही नाही.

गाडीबाबत विचारल्यावरून सांगतो, की लालासाहेब लष्करात ड्रायव्हर होते. सतरा वर्षे नोकरी करून आल्यावर त्यांनी जुनी अँबॅसडर घेतली व ती पाटणहून कराड, सातारा, महाबळेश्वर अशी भाड्याने चालवितात. गाडी घेताना मयताने आपल्या हातातल्या पाटल्या भावास दिल्या होत्या. तेव्हापासून गाडीत आमचाही वाटा आहे असे लालासाहेब म्हणत. हा वाटा त्यांना मुख्यतः दुरुस्तीच्या वेळी आठवत असे.

यंदा जानेवारीत गाडी सकाळी सुरू करताना पुढच्या बाजूने डब्यात खिळे हलविल्यासारखा आवाज येऊ लागला. लालासाहेब म्हणाले, टायमिंग चेन सैल झाली. इंजिनात खाली एक दांडा फिरतो व वर एक फिरतो. दोघांचा ताल जुळून राहावा म्हणून सायकलच्या चेनीसारखी पण जाड अशी चेन झाकणाच्या आत असते. ती तुटली की इंजिन जागच्या जागी थांबते. ही माहिती मला आज आहे. पाटणात मात्र ती सर्वांना जन्मापासून होती, असे त्या आठवड्यात आढळून आले. गाडी आमच्या दारात उभी असे व शाळेत जाता-येता माझी गाठ कोणा ना कोणा जाणकाराशी पडत असे. एकाने चेनीच्या दोन कड्या काढून पुन्हा जोडण्यास सांगितले. एकाने दाट तेल घालण्यास सांगितले. चेन बदला, असे सांगणारा कोणीही भेटला नाही, कारण त्यास खर्च होता.

यात पिठाच्या गिरणीचे मालक नाथाजी पानस्कर यांचा सल्ला वेगळा होता. ते म्हणाले, "आवं गुरुजी, चेन पायजेच कशाला? माज्या चक्कीचा पट्टा बगा, सा वर्सं झाली, हूं न्हाई का चूं न्हाई. टायमिंगला रबरी पट्टा घाला. आवाज न्हाई, तेल न्हाई, खर्च तर काईच न्हाई."

लालासाहेब हे ऐकून आमच्या पायरीवर बसून हसले. "आबा, इंजानाच्या टायमिंगला पट्टा? उद्या म्हणशीला चाकं बी गोणपाटाची करा."

"हस लेका. मिल्ट्रीत तुला हसायलाच ठेवलं हुतं का काय?"

मयत दारात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "दादा, आवाजाचा एवढा तरास हुतोय तर हॉर्न वाजवत जा की. ह्यो आवाज ऐकूच यायचा न्हाई." त्या आठवड्यात मिळालेल्या सर्व सल्ल्यांत बिनखर्चाचा म्हणावा असा हा एकच होता.

दि. २७ जानेवारी, शुक्रवार रोजी लालासाहेबांना पेन्शनच्या कागदांसाठी पुण्यास जायचे होते. त्यांनी गाडी कराडला आदगोंडा मिस्त्रींच्या गॅरेजात नेऊन लावली व तेथून ते एस.टी.ने पुढे गेले. जाण्यापूर्वी मला म्हणाले, "दाजी, मिस्त्रीनं नव्या चेनीचं मजुरीसकट एकशेऐंशी सांगितल्यात. उद्या सकाळची शाळा झाली की तुमी जावा, आन् जरा रास्तात बसवा. मी बोललो की भांडाण हुतंय. तुमच्यावानी गप माणूस फुडं हुबा ऱ्हायला की समोरचा आपसूक खाली येतोय."

माझ्या गप्प राहण्याचा कोणास काही उपयोग आहे, हे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी प्रथमच समजले.

दि. २८ रोजी दुपारी दीडच्या सुमारास मी गॅरेजात पोचलो. आदगोंडा मिस्त्री हे शिरोळकडचे असून वय अंदाजे पन्नास आहे. त्यांनी मला बसायला स्टूल दिले, चहा मागविला. रेडिएटर उतरवून पुढचे झाकण आधीच खोलून ठेवले होते. त्यांनी चेन बोटाने उचलून दाखविली.

"हे बगा गुरुजी. हिचं पोट सुटलंया. तरी बी चार-सा म्हैनं काढंल. न्हाई तर उद्या बी जाईल. लोखंडाच्या पोटातलं मला कसं कळणार की."

मी पाहिले. चेन मला चेनीसारखी दिसली.

मिस्त्रींनी विचारले, "मंग कसं करायचं? पुण्याची नवी घालू, का हीच साफ करून चालवायची?"

मी म्हणालो, "चालतंय की."

हे दोन शब्द जसे बोललो तसेच लिहावेत असा माझा आग्रह आहे. जमादार म्हणाले, "गुरुजी, सरकारी भाषेत काय तरी येकच लिवा. 'चालेल' लिवा, न्हाई तर 'चालू आहे' लिवा." अडचण हीच आहे. आमच्या भागात माणूस कबूल झाला की "चालतंय की" म्हणतो. एखादी गोष्ट मोडकळीस आली तरी अजून हातपाय हलवते आहे, तिला हात लावू नका, असे सांगायचे तरी "चालतंय की" म्हणतो. तब्येत विचारली, शेजाऱ्याने उसने मागितले, जेवणात मीठ कमी पडले, तरी उत्तर हेच. मला त्या वेळी "बरे, घाला नवी" असे म्हणायचे होते. मिस्त्रींचा शेवटचा शब्द "चालवायची" होता व माझा पहिला "चालतंय". त्यांनी हीच चालते असे ऐकले. हे की ते असे विचारल्यावर नुसते हो म्हणू नये, कोणते ते सांगावे, हे मी चौथीच्या वर्गास दरवर्षी शिकवितो. वर्गाच्या बाहेर त्याचा वापर करण्याची वेळ येईल असे वाटले नव्हते.

या शब्दाने पूर्वी काही घोटाळा झाला होता काय, असे जमादारांनी विचारले. एकदा झाला होता. अठरा वर्षांपूर्वी मुलगी पाहण्यास गेलो असता सासऱ्यांनी "मुलगी कशी वाटली" असे विचारले व मी हेच उत्तर दिले. त्यांनी होकार समजून सुपारी फोडली. मयत पुढे वर्षातून दोन-तीन वेळा तरी विचारीत असे, "आवं, खरं सांगा. तवा मी पसंत पडली हुती, का नुसतीच चालत हुती?" मी यावर काय उत्तर देत असे, याचा या चौकशीशी संबंध नाही.

गॅरेजातून मी शाळेसाठी जिल्ह्याचा नकाशा घेण्यास बाजारात गेलो. मास्तर लोकांना दुकानात वेळ लागतो. पाचला परत आलो तेव्हा झाकण बंद होऊन रेडिएटर चढला होता. मिस्त्रींनी गाडी चालू करून दाखविली. आवाज बराच कमी होता. त्यांनी पस्तीस रुपये सांगितले.

मी म्हणालो, "रास्त घेतलंत."

ते म्हणाले, "साफ केलीया, ताण बी नीट केलाय. जेवढं केलं तेवढंच घेतलं की गुरुजी. जास्त कशाला?"

एकशेऐंशीचे पस्तीस कसे झाले याचे आपणास नवल वाटले नाही काय, असे विचारल्यावरून सांगतो, की वाटले. पण ते मिस्त्रींबद्दल न वाटता स्वतःबद्दल वाटले. मी पुढे उभा राहिलो व समोरचा आपसूक खाली आला, असा माझा समज झाला. गाडी तेथेच ठेवून, त्यांनी दिलेली चिठ्ठी खिशात घालून मी पाटणची बस धरली. गाडी दुसऱ्या दिवशी, रविवारी, लालासाहेबांनी पुण्याहून परतताना नेली. गॅरेज बंद असल्याने किल्ली शेजारच्या दुकानात ठेवलेली होती व पस्तीस रुपये मिळाल्याचा निरोप होता.

ती चिठ्ठी या जबाबासोबत जोडली आहे. मिस्त्रींनी अशी चिठ्ठी दिल्याचे वारंवार सांगितले, पण त्यांच्याकडे तिची नक्कल नाही. लालासाहेबांनी घरात शोधली, त्यांना सापडली नाही. सापडणे शक्य नव्हते. ती माझ्याकडील हजेरीपत्रकात होती. चिठ्ठीतील मजकूर असा : "पुढचे झाकण खोलून टायमिंग चेन साफ करून परत बसविली. मजुरी व तेल." खाली रक्कम, तारीख व मिस्त्रींची सही आहे. अक्षर वाईट आहे, परंतु वाचता येते.

मी ती कोठे व केव्हा वाचली असे जमादारांनी दोनदा विचारले. बसमध्ये, विजयनगर सोडल्यावर. "परत" या शब्दावर मी थांबलो. नवी वस्तू परत बसविता येत नाही. पुढे मल्हारपेठेस बस दहा मिनिटे थांबली. कराडला जाणारी बस समोरच उभी होती व तीत जागा होती. मी उतरलो. गाड्यावरून भजी घेतली व माझ्या बसमध्ये येऊन बसलो.

यापुढे जमादार म्हणाले, "गुरुजी, ह्ये भज्यांचं कशाला लिवताय? ह्याची कुणाला गरज न्हाई." मी ते खोडलेले नाही.

चिठ्ठी वाचल्यानंतर गैरसमज राहिलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी लालासाहेबांना एक वाक्य सांगितले असते तर त्यांनी गाडी पुन्हा गॅरेजात लावली असती. परंतु लालासाहेब आले ते रस्त्यापासूनच ओरडत आले, "माले, अगं तुज्या मालकानं पस्तिसात चेन घातली! पस्तिसात! मला वाटलं हुतं दाजींना निस्तं पाढंच येत्यात." मागोमाग नाथाजी आले. ते म्हणाले, "गुरुजी, माज्या मोटारपंपाचं बी जरा बगा की. त्यो वायरमन लय लुटतोय." मी पंप पाहण्यास गेलो. वायरमनपुढे काही न बोलता उभा राहिलो. त्याने सात रुपये कमी केले.

असे पाच आठवडे चालले. पाटणमध्ये काटकसरीविषयी काही विचारावयाचे असल्यास लोक माझ्याकडे येऊ लागले. मीही सल्ले दिले. खर्च करण्यापूर्वी दोन वेळा विचार करावा, असे एकास सांगितल्याचे आठवते. फेब्रुवारीच्या मध्यास खिळ्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. लालासाहेब म्हणाले, "नवी चेन हाय, अंगात बसंस्तवर वाजायचीच." मी मान हलविली. पाच आठवड्यांत खरे सांगण्यास वेळ मिळाला नाही काय, असे विचारले. मिळाला. शाळा पाचला सुटते.

दि. ४ मार्चपासून मयताच्या पोटात दुखत होते. ओव्याने बरे वाटेल असे तिचे म्हणणे होते. दि. ६ रोजी पहाटे डॉक्टरांनी पाहिले व म्हणाले, अपेंडिक्स असावे, ऑपरेशन लागेल, आत्ताच्या आत्ता मिरजेस न्या, वेळ घालवू नका. पावणेसातला लालासाहेबांच्या गाडीतून निघालो. लालासाहेब चालवीत होते. मागच्या सीटवर मी व मयत होतो. तिचे डोके माझ्या मांडीवर होते. पेठ नाक्यापर्यंत ती अधूनमधून बोलत होती. रस्त्यातील खड्ड्याबाबत ती भावास म्हणाली, "दादा, बेतानं. मी काय मिल्ट्रीचं सामान न्हाई."

इस्लामपूर सोडल्यावर नऊ वाजून दहा मिनिटांनी येथील फाट्याजवळ इंजिन थांबले. मोठा आवाज झाला नाही. गाडी तशीच थोडी घरंगळत जाऊन बाभळीखाली उभी राहिली. लालासाहेबांनी तीन-चार वेळा स्टार्टर मारला. तो मोकळाच फिरला. ते खाली उतरून बॉनेट उघडू लागले.

मयत म्हणाली, "दादा, काय झालं रं?"

"टायमिंग गेलं वाटतं."

"चेन तर नवीच हाय न्हवं?"

"नवीच की गं. दाजींनी सोता हुबं ऱ्हाऊन घातलीया."

मी पाण्याची बाटली भरून आणण्यास गेलो. बाटली भरलेली होती.

परत आलो तेव्हा ऊस घेऊन कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांपैकी चार गाड्या थांबल्या होत्या. दोन सायकलवालेही होते. एकूण अकरा पुरुष बॉनेटभोवती होते. मी मोजले, कारण मोजण्याची सवय आहे.

"डिझेल संपलं आसंल."

"ही पेट्रोलवर चालती रं बाबा."

"मंग प्लग काढून फुका."

"माज्या भाच्याची फियाट अशीच बंद पडली हुती. इकली त्यानं. लय चांगला भाव आला."

लालासाहेब त्यांना हातांनी मागे सारीत होते व एखादी मोटार येते का म्हणून रस्त्याकडे पाहत होते. दोन मोटारी आल्या. पहिली थांबली नाही. दुसरी थांबली. तीतील गृहस्थांनी काय झाले ते विचारले, टायमिंग चेन दर चाळीस हजार मैलांनी न चुकता बदलावी अशी माहिती दिली, गाडीत जागा नसल्याचे सांगितले व ते गेले. त्यांची माहिती बरोबर होती.

अकराही जणांनी इंजिनात पाहिले. मागच्या सीटवर कोणी पाहिले नाही. मागून आलेल्या पाचव्या बैलगाडीतून राहीबाई नावाच्या बाई उतरल्या, त्यांनी काचेतून आत पाहिले. बाई ओरडल्या, "आरं मुडद्यांनो, इंजान काय बगताय? बाई पांढरीफेक पडलीया हितं!" त्या रस्त्याच्या मध्यभागी जाऊन दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. ऊस उतरवून परत निघालेला एक ट्रॅक्टर त्यामुळे थांबला. ट्रॉलीत उसाचे पाचट होते. त्यावर राहीबाईंनी आपली घोंगडी टाकली. नऊ पंचावन्नला मयतास ट्रॉलीत निजविले. लालासाहेब ट्रॅक्टरवर, मी ट्रॉलीत. दहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास, आष्टा यायच्या आधी, ती मरण पावली.

ट्रॉलीत काय बोलणे झाले असे विचारले. ते चेनीबाबत नव्हते, म्हणून लिहिलेले नाही.

दि. ८ रोजी गाडी इस्लामपुरात ओढून नेऊन लालासाहेबांनी झाकण उघडले. आत जुनीच चेन तुटलेली निघाली. ते तसेच कराडला गेले व त्यांनी मिस्त्रींची कॉलर धरली. मिस्त्रींनी हात उचलला नाही. "गुरुजींना इचारा. गुरुजी सांगतील त्ये मला कबूल," एवढेच म्हणाले. काल त्यांना येथे आणले तेव्हाही त्यांनी तेच सांगितले. माझ्याबद्दल अशी खात्री बाळगणारे ते सध्या एकटेच असून ते बाकावर आहेत.

काल सायंकाळी लालासाहेब माझ्याजवळ बसले. तीन दिवसांत त्यांनी दाढी केलेली नाही. ते म्हणाले, "दाजी, तुमाला जास्ती काय बोलायचं न्हाई. नवी घाला म्हनून सांगितलं हुतं, येवढंच म्हणा. मालीसाटी म्हणा." मी त्यांना उत्तर दिले नाही. गप्प बसलो म्हणजे कबूल झालो, असे ते समजले असावेत. आज सकाळी येताना त्यांनी माझ्यासाठी चहा आणला.

मयतास चेनीची खरी गोष्ट माहीत होती काय, असा जमादारांचा शेवटचा प्रश्न आहे. तो नेहमीचा असावा. उत्तर पुढीलप्रमाणे.

दि. २८ जानेवारी रोजी सायंकाळी साडेसातच्या सुमारास मी घरी पोचलो. मयत चुलीपुढे भाकरी करीत होती. मी पाटावर बसलो. पस्तीस रुपयांत काम झाल्याचे सांगितले. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरविले व माझ्याकडे वळून पाहिले. भावाच्या गाडीतून तिला उन्हाळ्यात मुलांना घेऊन महाबळेश्वर पाहावयाचे होते. पाटणपासून इतके जवळ असून ती कधी गेली नव्हती. ती म्हणाली, "येवढ्यात? आवं, घाटातनं जायचंय. नवी घातलीया न्हवं?"

चिठ्ठी माझ्या खिशात होती व वाचलेली होती.

मी म्हणालो, "चालतंय की."

या वेळी मला त्या शब्दाचा कोणता अर्थ अभिप्रेत होता, हे मला नक्की माहीत होते. तिने कोणता घेतला, हे तिने ताटात वाढलेल्या तुपावरून दिसले. आमच्या घरी तूप सणाला असते.

वरील कारणांवरून सांगतो, की आदगोंडा मगदूम यांनी मला फसविले नाही. त्यांनी विचारले, ऐकले तसे केले, केले तेवढेच घेतले व जे केले ते लिहून दिले. त्यांना आज घरी जाऊ द्यावे व गॅरेजचे कुलूप काढावे. हे लिहीत असताना लालासाहेब दारात येऊन उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून कागदावर पाहिले. किती वाचले माहीत नाही. त्यांनी व्हरांड्यात जाऊन मिस्त्रींची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली व ते फाट्याकडे चालत गेले. मी हाक मारली नाही.

मयताच्या मृत्यूबाबत माझी कोणाविरुद्ध तक्रार आहे काय, असे विचारले असता मी आहे असे सांगितले व ती माझ्याविरुद्ध घ्यावी अशी विनंती केली. जमादारांनी माझ्या हातातले पेन काढून खाली ठेवले. ते म्हणाले, "गुरुजी, वैनी मिरजेला पोचल्या असत्या तरी वाचल्याच असत्या आसं कोण सांगतंय? आन् सोताविरुद्ध तक्रारीचा नमुना आमच्याकडं न्हाई." त्यांच्या सांगण्यावरून "माझी कोणाविरुद्ध तक्रार अगर संशय नाही" असे येथे लिहिले आहे.

हा जबाब मीच लिहिलेला असल्याने वाचून दाखविण्याची आवश्यकता नव्हती, परंतु नियम असल्याने जमादारांनी तो मला मोठ्याने वाचून दाखविला. मी ऐकला. शेवटून दुसऱ्या परिच्छेदातील शेवटचे वाक्य सोडून बाकीचा जबाब बरोबर आहे.

आप्पासो बापू शेलार